निर्जन किनारा नावाची थाप

क्षेपणास्त्र चाचणीची बातमी आपल्याला आता न वाचताही कळते. 'ओडिशाच्या किनाऱ्यावरून', 'यशस्वी चाचणी', 'सर्व उद्दिष्टं साध्य', मग मंत्र्यांचं अभिनंदन. सोबत एक फोटो: निळं आकाश, पांढऱ्या धुराची शेपटी, खाली सुरूच्या झाडांची हिरवी रेघ. त्या फोटोत गावातलं माणूस कधीच दिसत नाही. कारण फोटो काढायच्या आधीच त्याला तिथून उठवून नेलेलं असतं.

जुलै २०२४मध्ये अशीच एक चाचणी झाली. शत्रूचं क्षेपणास्त्र हवेतच पाडणाऱ्या यंत्रणेची. तिच्यासाठी बालेश्वरच्या जिल्हा प्रशासनानं चांदीपूरच्या लाँचपॅड क्रमांक ३पासून साडेतीन किलोमीटरच्या आतली १० गावं रिकामी केली. १० हजारांहून जास्त माणसं तात्पुरत्या निवाऱ्यांत नेऊन बसवली आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून काही रुपये देऊ केले. चाचणी यशस्वी झाली. आपण फोटो फॉरवर्ड केला.

शस्त्रांच्या चाचणीसाठी निर्जन किनारा शोधतात, हे आपण सगळ्यांनी मान्य करून टाकलं आहे. माझ्या मते ही शुद्ध थाप आहे. शोधला जातो तो माणसं राहतात असाच किनारा, कारण भारताच्या किनाऱ्यावर दुसरा मिळतच नाही. मग दर चाचणीला तो नव्यानं निर्जन करावा लागतो. रुतलेले गोळे, गंजलेलं लोखंड, काँक्रीटचे चौथरे या खुणा डोळ्यांना दिसतात म्हणून त्यांच्यावर लेख लिहिले जातात. हे हातानं तयार केलेलं रिकामेपण मात्र फोटोत सुंदर दिसतं, म्हणून ते कुणाला खूण वाटत नाही.

चांदीपूरचा समुद्र मुळात वेगळा आहे. ओहोटीला तो पाच किलोमीटरपर्यंत मागे जातो. सकाळी जिथं लाटा होत्या तिथं दुपारी माणसं चालत असतात. ओल्या वाळूवर लाल खेकडे पळतात आणि पर्यटक त्यांच्या मागे मोबाईल घेऊन पळतात. ब्रिटिश तोफखान्याला या समुद्रात वेगळीच सोय दिसली. समुद्राच्या दिशेनं गोळा डागायचा, ओहोटीची वाट बघायची आणि गाळात रुतलेला गोळा उचलून आणून तपासायचा. या हिशोबानं १८९५ साली इथं तोफा आणि दारूगोळा तपासणारं केंद्र उभं राहिलं. ते आजही चालू आहे. पीएक्सई म्हणतात त्याला, डीआरडीओच्या अखत्यारीत आहे. देश स्वतंत्र झाला, निशाण बदललं, पण वाळूवर गोळे पडायचे थांबले नाहीत. एकाच पुळणीवर १३० वर्षं चाललेला गोळीबार! आणि आपल्याकडे चांदीपूरची ओळख काय, तर 'लपाछपी खेळणारा समुद्र', वीकेंडला जाण्याजोगं ठिकाण.

ओहोटीत उघडी पडणारी ही जमीन कुणाचीच नाही असं नकाशावर वाटतं. प्रत्यक्षात ती सगळ्यांची असते: पायी जाऊन जाळं लावणाऱ्याची, शिंपल्या वेचणाऱ्या बाईची. आणि अंडी घालायला येणाऱ्या हॉर्सशू क्रॅबचीही. घोड्याच्या नालेसारखा दिसणारा हा प्राणी नावापुरताच खेकडा. नात्यानं तो विंचवाच्या जवळचा, आणि त्याचं घराणं डायनोसॉरच्याही आधीचं. त्याच्या जातभाईंचं निळं रक्त जगभर एका तपासणीसाठी वापरतात. आपल्याला टोचलं जाणारं इंजेक्शन जिवाणूंच्या विषापासून मुक्त आहे की नाही, हे त्या रक्तावरून कळतं. चाचणीच्या कामी येणारा या किनाऱ्यावरचा हाही एक रहिवासी. त्यालाही कुणी विचारलेलं नाही.

आता आपल्या बाजूला या. पिनाक रॉकेट कुठं जन्मलं? पुण्यात, पाषाणला, एआरडीई या संस्थेत. एटॅग्स ही १५५ मिलिमीटरची नवी तोफही तिथलीच. दोन्हींच्या चाचण्या बालेश्वरच्या किनाऱ्यावर झाल्या. म्हणजे नोकऱ्या, क्वार्टर्स, पीएचड्या आणि 'आमच्या पुण्याचा अभिमान' असे मथळे इकडे आले, आणि स्फोट तिकडे गेला. पाषाणजवळच वेताळ टेकडी आहे. तिथून रस्ता काढू नका म्हणून पुणेकर मोर्चे काढतात, आणि ते बरोबरच करतात. टेकडीवर मोर आहेत हे आपल्याला माहीत असतं, कारण आपण सकाळी तिथं चालायला जातो. बालेश्वरच्या पुळणीवर काय आहे हे कळावं इतके आपण तिथं कधी गेलोच नाही. (तसे पूर्वी गेलो होतो. १७५१ ते १८०३ ओडिशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. चौथाईच्या निमित्तानं झालेली ती ओळख तिकडच्या लोकांच्या आठवणीत फारशी गोड नाही.)

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट सांगतात: प्रॉडक्शनवर टेस्टिंग करायचं नाही. जिथं खरे ग्राहक आहेत, खरे पैसे फिरताहेत, तिथं प्रयोग नकोत. त्यासाठी स्टेजिंग असतं, म्हणजे हुबेहूब तसाच पण खोट्या नावांचा, खोट्या खात्यांचा एक वेगळा संसार. तिथं काही कोसळलं तर कुणाचं काही जात नाही. किनाऱ्याचं स्टेजिंग कुठून आणणार? कंट्रोल रूममधून ज्याला 'टेस्ट रेंज' म्हणतात ते बाहेर राहणाऱ्या माणसाचं प्रॉडक्शन असतं. त्याची होडी तिथं आहे, म्हैस तिथं आहे, पोराची शाळा तिथं आहे. तुमची चाचणी अयशस्वी झाली तर तुम्ही डेटा घेऊन परत जाता. त्याचा मात्र चाचणी यशस्वी झाली तरी दिवस बुडतो.

आमच्या धंद्यातली आणखी एक खोड इथं चपखल बसते: तात्पुरता फिक्स. 'आत्ता एवढं चालवून घे, नंतर नीट करू' म्हणून जो कोड लिहिला जातो तो दहा वर्षांनी सिस्टिमचा कणा झालेला असतो. चांदीपूरच्या क्षेपणास्त्र तळाचं नाव आयटीआर. आज त्यातल्या 'आय'चा अर्थ इंटिग्रेटेड, म्हणजे एकात्मिक. सुरुवातीला तो होता इंटेरिम. तात्पुरती टेस्ट रेंज! आद्याक्षरं तीच राहिली, पाटी बदलायचा खर्च वाचला, आणि तात्पुरतं कायमचं झालं.

तात्पुरतं का होतं, तर कायमचा राष्ट्रीय चाचणी तळ दुसरीकडे व्हायचा होता. ती गोष्ट आपल्या पिढीला कुणी सांगितलेली नाही.

बालेश्वरच्या ईशान्येला, सुवर्णरेखा जिथं समुद्राला मिळते तिथं, बलियापाल आणि भोगराई हे दोन विभाग आहेत. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारनं तिथल्या जमिनीवर बोट ठेवलं. शंभराहून जास्त गावं उठणार होती. आता, विस्थापनाच्या गोष्टीत सरकारकडे एक हुकमी वाक्य असतं: पडीक जमीन आहे, लोक गरीब आहेत, उलट त्यांचं भलंच होईल. इथं ते चालेना. कारण नदीच्या गाळानं तयार झालेली ही जमीन सोन्यासारखी होती. पानाचे मळे, नारळ, भुईमूग, भात आणि वर मासे. पानमळा ज्यानं एकदा पाहिला असेल त्याला कळेल की तो उचलून 'आदर्श पुनर्वसित गावात' नेऊन लावता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची माती, सावली आणि हात लागतात त्याला.

लोकांनी काय केलं? गावात शिरणाऱ्या रस्त्यांवर अडसर बांधले आणि आळीपाळीनं पहारा ठेवला. सरकारी जीप दिसली की शंख फुंकायचे, थाळ्या बडवायच्या. आवाज या गावातून त्या गावात जायचा आणि हजारो माणसं रस्त्यावर येऊन बसायची, बायका आणि मुलं पुढे. सरकारचे कर भरणं बंद केलं. 'मरण सेना' नावाचं पथक उभं राहिलं. नाव भयंकर, पण काम एवढंच की जीव गेला तरी जागेवरून हलायचं नाही. घोषणा एका शब्दाची होती: भिटामाटी. भिटा म्हणजे पूर्वजांच्या घराची जागा, माटी म्हणजे माती. वसुधा जोशी आणि रंजन पालित यांनी १९८८मध्ये या लढ्यावर 'व्हॉइसेस फ्रॉम बलियापाल' हा माहितीपट केला. मिळाला तर बघा. सरकारला तिथं शेवटपर्यंत पाय ठेवता आला नाही, आणि तो तळ बलियापालला कधीच झाला नाही.

भारतात लष्करी प्रकल्पाविरुद्ध शेतकरी जिंकल्याची उदाहरणं किती आहेत, विचार करा. हे एक आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत अग्नी, पृथ्वी आणि कलाम यांच्यावर किती सेमिनार झाले त्याची गणती नाही, पण बलियापाल हा शब्द एकदाही कानावर पडला नाही. 'अग्नी'चं पहिलं उड्डाण २२ मे १९८९ रोजी चांदीपूरहून झालं, हे प्रश्नमंजूषेत विचारतात. ते चांदीपूरहूनच का झालं, हे विचारत नाहीत.

पण बलियापालच्या विजयाची किंमत कुणीतरी मोजलीच. ज्यांनी आधीच, ब्रिटिशांच्या काळापासून, गोळे सहन केले होते त्यांच्याच शेजारी क्षेपणास्त्रंही आली. आणि सरकार एक धडा शिकलं, असं माझं मत आहे. लोकांना कायमचं उठवायला गेलं की ते शंख फुंकतात. त्यापेक्षा त्यांना एकेका दिवसासाठी उठवावं. एका दिवसासाठी कोण मरण सेना काढणार? कागदोपत्री कुणी विस्थापित होत नाही, पुनर्वसनाचा प्रश्न येत नाही, भूसंपादनाचा कायदा लागत नाही. गाव जागेवरच राहतं, फक्त अधूनमधून बंद-चालू करता येतं.

तुमच्यापैकी जे ट्विटरवर संरक्षणविषयक हँडल फॉलो करतात त्यांना नोटॅम ठाऊक असेल. चाचणीच्या आधी विमानांसाठी सूचना निघते की अमुक तारखांना बंगालच्या उपसागराच्या अमुक पट्ट्यात येऊ नका. ती निघाल्यावर काही मिनिटांत हौशी मंडळी नकाशा बनवतात. निळ्या समुद्रावर लाल लांबोळका पट्टा, बाजूला 'अंदाजे ३,५०० किलोमीटर', खाली 'के-४ असणार', 'नाही, अग्नी-प्राइम'. क्रिकेटसारखी चर्चा रंगते. मला यात गंमत वाटायची ती आता कमी झाली आहे. त्या नकाशाकडे नीट बघा. समुद्र कोरा असतो. धामरा नाही, बलरामगडी नाही, एकही बंदर नाही, एकही होडी नाही. वैमानिकाला कळवलं, जहाजाच्या कप्तानाला कळवलं, बंगळुरूतल्या हौशी पोराच्या मोबाईलवर पट्टा उमटला. लाकडी होडीतल्या माणसाला त्या पट्ट्याचा अर्थ एवढाच की आज जाळं टाकायचं नाही.

त्याच्या बुडालेल्या दिवसांची आणखी एक वाटणी आहे. धामरापासून जवळच गहिरमाथा आहे, ऑलिव्ह रिडले कासवांच्या सामूहिक विणीसाठी जगात नावाजलेला किनारा. वेळासला आपण पाच-पंचवीस पिल्लं समुद्राकडे जाताना बघून भारावतो. इथं लाखांत माद्या येतात. १९९७पासून हे सागरी अभयारण्य आहे, आणि या भागात १ नोव्हेंबर ते ३१ मे मासेमारीवर बंदी असते. गहिरमाथ्याच्या अगदी शेजारी ते बेट आहे ज्याला आधी व्हीलर आयलंड म्हणत आणि २०१५पासून अब्दुल कलाम बेट म्हणतात. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं तिथून उडतात. मार्च २०१९मध्ये उपग्रह पाडणारी 'मिशन शक्ती'ही तिथूनच झाली. रात्रीच्या अंधारात वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू उजेडाच्या दिशेनं चालतं, कारण लाखो वर्षं समुद्राचं क्षितिज हाच रात्रीचा एकमेव उजेड होता. तळावरचे दिवे पाहून ते उलट दिशेला जातं आणि मरतं. म्हणून दिवे झाका असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, आणि २०२३च्या डिसेंबरात बातमी आली की विणीच्या काळात, जानेवारी ते मार्च, या बेटावरच्या चाचण्या थांबवणार.

चांगलं झालं. मनापासून म्हणतो. पण म्हणजे थांबवता येतं तर! वेळापत्रक हलवता येतं, देशाची सुरक्षा तीन महिन्यांनी कोसळत नाही. कासवांच्या वतीनं बोलणारे शास्त्रज्ञ होते, न्यायालयं होती, परदेशी मासिकं होती, म्हणून त्यांना तारखा मिळाल्या. मच्छीमारानं मात्र सात महिने समुद्र कासवांना द्यायचा, उरलेल्यातले काही दिवस क्षेपणास्त्रांना द्यायचे, काही वादळांना. त्याचा हंगाम पाळून चाचण्यांच्या तारखा ठरल्याचं कधी वाचलंय?

साहित्यिक मंडळींशीही माझं एक भांडण आहे. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर ऑर्फर्ड नेस नावाचा दगडगोट्यांचा लांबच लांब पट्टा आहे. पहिल्या महायुद्धापासून तिथं शस्त्रांच्या चाचण्या झाल्या. शीतयुद्धात अणुबॉम्बचे भाग हादरवून, तापवून तपासायला काँक्रीटच्या इमारती बांधल्या, ज्यांना त्यांच्या छपरांमुळे पॅगोडा म्हणतात. १९९३मध्ये नॅशनल ट्रस्टनं ती जागा घेतली आणि इमारती मुद्दाम आपल्या गतीनं ढासळू दिल्या. झेबाल्टच्या 'रिंग्ज ऑफ सॅटर्न'मध्ये ती जागा येते, आणि तेव्हापासून जगभरच्या चांगल्या गद्यलेखकांची ती आवडती जागा आहे. धुकं, अवशेष, विनाशाचं सौंदर्य. आपल्याकडेही या तऱ्हेचं लेखन हल्ली येतं. माझा आक्षेप असा की अवशेषांवर हळवं होण्याची चैन जिथला गोळीबार थांबला आहे तिथल्यांना परवडते. आणि ऑर्फर्ड नेसलासुद्धा आखलेली पायवाट सोडू नका असं बजावतात, कारण न फुटलेला दारूगोळा अजून जमिनीत असू शकतो. ती सूचना त्या जागेचं सगळ्यात खरं वर्णन आहे. बाकीचं सगळं धुकं.

हा उरलेला दारूगोळा काढायला काय लागतं याचा एक आकडा उपलब्ध आहे. हवाईमधलं कहोओलावे बेट अमेरिकी नौदलानं दुसऱ्या महायुद्धापासून १९९०पर्यंत बॉम्बफेकीच्या सरावाला वापरलं. १९६५मध्ये तर तिथं प्रत्येकी ५०० टन टीएनटी असे तीन स्फोट करून जहाजांवर काय परिणाम होतो ते पाहिलं. तिथल्या मूळ रहिवाशांनी बेटावर घुसखोरी करून, खटले लढवून ते थांबवलं. मग सफाईसाठी ४० कोटी डॉलर मंजूर झाले आणि १०-१२ वर्षं गेली. २००४मध्ये काम संपलं तेव्हा बेटाचा सुमारे पाव भाग अजिबात साफ झालेला नव्हता, आणि चार फूट खोलीपर्यंत साफ झाला होता फक्त दहावा हिस्सा. तेही जगातल्या सगळ्यात श्रीमंत लष्कराकडून, कोरड्या जमिनीवर. इथं तर दिवसातून दोनदा गाळ हलवणारा समुद्र आहे. एस्टिमेट देताना सफाई धरायचीच नाही, ही आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरांचीच पद्धत.

आता नेहमीचा प्रश्न: मग काय चाचण्या करायच्याच नाहीत? शेजारी कोण आहेत माहीत आहे ना? माहीत आहे. मी शांततावादी नाही, आणि न तपासलेली तोफ स्वतःच्याच जवानाला मारते हेही मला कळतं. चाचणी हवी म्हणणाऱ्यानं तिची किंमत आपल्या खिशातून द्यावी, एवढंच. 'देशासाठी थोडा त्याग' हे वाक्य पाषाणहून, पवईहून किंवा माझ्यासारख्या हिंजवडीतल्या माणसानं बोलावं याची मला लाज वाटते. त्याग देणारा स्वतः ठरवतो. इथं तारीख दुसरा कुणी ठरवतो, आणि सकाळी गाडी दाराशी येते. विस्थापन एका दिवसाचं असलं तरी विस्थापनच आहे. पाच वर्षांत एखाद्या घरानं असे किती दिवस दिले, याची घरटी नोंद जाहीर असायला हवी. रोजच्या मजुरीऐवजी जमीन आणि समुद्र वापरल्याचं वार्षिक भाडं ठरायला हवं, जसं मोबाईल टॉवरवाला गच्चीचं देतो. टॉवर चालला नाही म्हणून त्या महिन्याचं भाडं कुणी कापत नाही. आणि १३० वर्षांत त्या गाळात काय पडलं आणि काय उचललं गेलं, याचा जमाखर्च लोकांना वाचता यावा. यातलं काहीही गुपित नाही. शत्रूला क्षेपणास्त्राचा पल्ला नोटॅमवरून कळतो, मग गावाच्या बुडालेल्या दिवसांची बेरीज कळल्यानं देशाचं काय बिघडणार आहे?

आणि हे फक्त ओडिशाचं राहिलेलं नाही. महाबळेश्वरला उगम पावून वाई, सांगलीवरून जाणारी आपली कृष्णा जिथं समुद्राला मिळते, त्या आंध्रच्या त्रिभुज प्रदेशात, नागायलंका इथं नवा क्षेपणास्त्र चाचणी तळ होतो आहे. २ मे २०२५ रोजी पंतप्रधानांनी अमरावतीहून त्याची पायाभरणी केली; खर्च सुमारे १,५०० कोटी रुपये. तिथंही तिवरांचं जंगल आहे, ऑलिव्ह रिडले आहेत, आणि अर्थातच मच्छीमार आहेत. चांदीपूरला जे प्रश्न विचारायला १३० वर्षं उशीर झाला, ते इथं अजून वेळेवर विचारता येतील: वर्षातले किती दिवस समुद्र बंद राहणार, ते कोण ठरवणार, त्याचं भाडं किती, आणि पाण्यात जे पडेल ते कोण उचलणार. तिकडचे कोळी हे तेलुगूत विचारतील तेव्हा ते आपल्या फीडवर येणार नाही. नदी आपल्याकडून निघते, तेव्हा मराठीतून आधी विचारायला काय हरकत आहे?